चारशे श्वासांचा तास

आमच्या शाळेतला तास मिनिटांचा नव्हता, श्वासांचा होता. चारशे श्वास झाले की घंटा. आणि श्वास एकाच माणसाचे, शिपाई सटवाजी मामांचे.

शाळेत घड्याळ नव्हतं असं नाही. हेडमास्तरांच्या टेबलावर गजराचं एक घड्याळ होतं. ते आठवडाभर चालायचं आणि मग दुरुस्तीसाठी एसटीत बसून परभणीला जायचं, ते महिनाभर परत यायचं नाही. अशाच एका महिन्यात मामा हेडमास्तरांपुढे जाऊन उभे राहिले.

"सायेब, घड्याळाला तकलीफ कामून देता? टायमाचं मी बघतो."

"तुझ्याकडं घड्याळ कुठंय?"

मामांनी नाकाला बोट लावलं. "हे हाय की. किल्ली द्यावी लागत न्हाई."

हेडमास्तरांना मजा वाटली. मी तिथला मास्तर. माझ्या मनगटावर लग्नातलं घड्याळ होतं, ते मी काढून टेबलावर ठेवलं. मामा जमिनीवर मांडी घालून बसले. डाव्या खिशात चाळीस चिंचोके. दहा श्वास झाले की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला तेव्हा तासाची पस्तीस मिनिटं झाली होती, आणि वर अर्धं.

"अर्धं मिनिट जास्त झालं की रे."

"तुमच्या घड्याळाला सांगा, जरा दमानं घे म्हणून."

तेव्हापासून घंटा मामांच्या नाकावर चालली. झाडलोट, पाणी भरणं शाळा भरायच्या आधीच उरकायचे. मध्येच नोटीस फिरवायची वेळ आली तर चालता चालता मोजायचे, कुणी बोलायला आलं तर हाताचा पंजा दाखवायचे. हेडमास्तर बदलत गेले, श्वास तोच राहिला.

लिहिताना मी 'मामा' म्हणतोय. तेव्हा म्हणत नव्हतो. ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, पण आम्ही मास्तर मंडळी त्यांना 'अरे सटवाजी' म्हणायचो. मामा फक्त पोरं म्हणायची. पोरांचं बरोबर होतं. मी मुळात फार बोलणारा माणूस नाही. गावाचं नाव तर आजही सांगणार नाही. चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून कोसभर चाललं की येतं, एवढं पुरे. पण मामांबद्दल सांगायचं तर त्यात माझंही थोडं येणार. थोडं म्हणजे बरंच.

श्वासाचं हे खूळ त्यांनी पूर्णेहून आणलं. ऐंशी सालची गोष्ट. तिथं एक भंतेजी आले होते आणि दहा दिवसांचं शिबिर होतं. रजेचा अर्ज मामांनी माझ्याकडून लिहून घेतला. कारण काय लिहू म्हटलं तर म्हणाले, "श्वास शिकायला जायलोय, आसं लिव्हा." मी तसंच लिहिलं. हेडमास्तरांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"चाळिशी आली की रे तुझी. आजपर्यंत काय घेत होतास मग?"

"नुस्ताच घेत होतो सायेब. ध्यान दिलं न्हाई."

दहा दिवसांनी परत आले तेव्हा आम्ही मास्तरांनी त्यांना घेरलं. काय शिकलास?

"बसायला."

"एवढंच?"

"लय आवघड हाय. तुमाला वाटतं तुमी बसलाव. तुमी खुर्चीवर आसताव, बसलेले नसताव."

आता हे बसणं कुठं, यावरून गाव हललं. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा. तो टांगलेला शाळेसमोरच्या लिंबाला, आणि लिंबाला दगडी पार. गावातली मोठी माणसं पूर्णेच्या एसटीची वाट बघत पारावर बसायची. मामा बौद्ध. त्यांनी घंटा द्यायची, आणि मग चार हात लांब मातीत उकिडवं बसायचं. कुणी मोठं माणूस आलं की उठून उभं राहायचं. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळं तो खोडायची सोयही नव्हती.

शिबिराहून आल्यावर, घंटा श्वासावर आली त्या पहिल्याच सोमवारी मामांनी पहिली घंटा दिली आणि ते पारावर चढले. कडेला नाही, बरोबर मधोमध. मांडी घातली, डोळे मिटले.

माझा सातवीचा वर्ग पाराच्या अगदी समोर. मी खिडकीतून बघत होतो. पारावरचे चार म्हातारे आधी खाकरले, मग सरकले. तेवढ्यात पाटील आले. सगळे उठून उभे राहिले. मामा बसलेलेच.

"ए सटवा!"

एक चिंचोका डावीकडून उजवीकडे गेला.

"बहिरा झाला का रं ह्यो? उठवा त्याला."

एक जण पुढं झालाही. पण बाजाराला निघालेली गयाबाई नावाची म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन तिथं उभी होती, ती ओरडली, "आरं हात नको लावूस! ध्यानात हाय त्यो. ध्यानातल्या माणसाला उठवलं तर लेकराबाळाला लागतंय!"

पुढं आलेला हात तिथंच थांबला. त्याची सून नवव्या महिन्यात होती. बाकीचे पाटलांकडं बघायला लागले आणि पाटील लिंबाच्या शेंड्याकडं. तपाला बसलेल्या माणसाला उठवणाऱ्याचं काय होतं, ते कीर्तनात ऐकून ऐकून सगळ्या गावाला पाठ होतं. मामा पारावर चढले हा गुन्हा, पण डोळे मिटून बसले हे पुण्य. दोन्ही एकाच माणसानं एकाच वेळी केलं तर काय करायचं, हे कुठल्याच महाराजांनी सांगून ठेवलेलं नव्हतं.

एसटी आली. पाटील उभ्याउभ्याच चढून गेले.

तासानंतर मी मामांना विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की. एकविसाव्या चिंचोक्याला लय वाटली. पण म्हणलं, उठणार न्हाई."

'उठणार न्हाई' हे मग त्यांचं पालुपदच झालं. पाऊस आला, पोरं म्हणायची, मामा आत या. "उठणार न्हाई." एकदा तपासणीला साहेब आले आणि शिपाई उभा राहिला नाही म्हणून तापले. मामांनी एक डोळा उघडला. "डूटीवर हाव सायेब. उठलो तर टाईम चुकंल." साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'शाळेच्या वेळा अचूक आहेत.'

अचूक मात्र नव्हत्या. ते पोरांनी शोधून काढलं. रागानं श्वास वाढतो, श्वास वाढला की चारशे लवकर भरतात, आणि चारशे लवकर भरले की गणिताचा तास लवकर सुटतो. हे त्रैराशिक पोरांना कुणी न शिकवता आलं. राग कसा आणायचा, तेही त्यांनीच शोधलं. वर्गात जाता जाता विचारायचं, "मामा, विद्यापीठाचं नाव बदललं का हो?"

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात झाला होता, आणि त्यावरून मराठवाड्यात खेडोपाडी बौद्ध वस्त्या जाळल्या गेल्या. आमच्या गावातलीही. ठराव कागदावरच राहिला. पोरांना यातलं निम्मंही माहीत नव्हतं, पण प्रश्न ऐकला की मामांच्या नाकपुड्या फुलतात एवढं माहीत होतं. घंटा पंचवीस मिनिटांत.

मामांच्या हे ध्यानात आलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता पोरांची खैर नाही. मामांनी पोरांना पाराखाली जमवलं. "इचारा रे. रोज इचारा. बिलकुल लाजू नका. माझा आभ्यास व्हायलाय."

पोरं विचारत राहिली. पुढच्या वर्षी तोच प्रश्न विचारल्यावर तीस मिनिटं लागायला लागली, मग तेहेतीस, आणि एके दिवशी पूर्ण पस्तीस. पोरांनी प्रश्न सोडून दिला. "मामा बिघडले," असं सातवीतली एक पोरगी फार दुःखानं म्हणाली.

एक तास मात्र सुधारला नाही. चौथा. तो माझा असायचा, सातवीवर, इतिहासाचा. मामा बसायला लागले त्या वर्षी तो वीस मिनिटांत सुटायचा. पुढं बाकीचे तास पस्तिसावर आले, हा आपला मुंगीच्या पावलानं चालला. चौदा वर्षांत कसाबसा एकतिसापर्यंत आला. शिक्षकांच्या खोलीत चेष्टा व्हायची, "नशीबवान आहात बुवा. पोरशन कसा संपवता?" मी म्हणायचो, दुपारची वेळ, ऊन लागत असेल, भूक लागत असेल त्याला. पावसाळ्यात ऊन नसायचं, तरी मी तेच म्हणायचो.

आता माझं सांगतो.

गॅसबत्तीसाठी शाळेत रॉकेलचा एक डबा असायचा. पत्र्याचा. त्यावर पांढऱ्या रंगानं 'शाळा' असं मामांनीच लिहिलेलं, 'शा' बारीक आणि 'ळा' पोट फुगलेला. कोठीची किल्ली माझ्याकडं असायची. ठराव झाला त्या दिवसांत एका दुपारी माझा चुलतभाऊ दत्ता आला आणि म्हणाला, किल्ली दे, रॉकेल पाहिजे. कशाला, असं मी विचारलं नाही. कारण मला माहीत होतं. सकाळपासून गावात तेवढंच बोलणं चाललं होतं. मी किल्ली दिली आणि वर्गाची खिडकी लावून घेतली.

वस्तीतली चार घरं जळाली. माणसं ज्वारीत पळाली म्हणून वाचली. चारातलं एक घर मामांचं.

पोलीस आले तेव्हा मी सांगितलं, त्या दिवशी मी पूर्णेला होतो. नंतर हेडमास्तरांनी सामान तपासलं तर डबा नाही. सामानाची जबाबदारी शिपायाची, म्हणून मामांना निष्काळजीपणाबद्दल मेमो निघाला. घर जळालेल्या माणसाला, ज्या डब्यानं जाळलं त्याच डब्याबद्दल. मेमो मी लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं. मामांनी दोनदा वाचला, खाली 'मिळाला' असं लिहिलं आणि सही केली.

त्यांची बायको सोनाबाई लेकीला घेऊन नांदेडला भावाकडं गेली, ती त्या गावात पुन्हा पाय ठेवायला आली नाही. जाताना एसटीपाशी मामांना म्हणाली, "चला. काय ऱ्हायलंय इथं?" मी तिथंच होतो. मामा म्हणाले, "उठणार न्हाई." म्हणजे हे पालुपद पारावरचं नाही. वर मी चुकीचं लिहिलं, पण खोडत नाही. मामा लेकीला वर्षातून दोनदा भेटून यायचे आणि आले की दोन दिवस घंटा उशिरा व्हायची. आम्ही म्हणायचो, नांदेडची हवा मानवली.

मी ते गाव सोडलं नाही. चुलते पंचायत समितीत होते, माझी बदली कधी झालीच नाही. रोज त्या खिडकीत उभं राहायचो आणि मनाशी म्हणायचो, हीच आपली शिक्षा. स्वतःच ठरवलेली शिक्षा फार सोयीची असते. तिच्यात पगारवाढही मिळते.

मग चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. बदललं म्हणजे जुनं ठेवून वाढवलं. पोरं ओरडत मामांकडं धावली. मामा म्हणाले, "नामांतर मागितलं, नामविस्तार दिला. चालतंय. सोळा वर्सांनी आर्धा श्वास तरी पुरा झाला." आणि घंटा वेळेवर दिली.

मी तिळगुळाची पुडी घेऊन पारापाशी गेलो. आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून 'मामा' आलं.

"मामा, तिळगूळ घ्या, गोड बोला."

त्यांनी हात पुढं केला नाही.

"गोड तर तुमी सोळा वर्सं बोलायलाव सर. खरं बोलायचं आसंल तर आणा."

पुडी माझ्या हातात तशीच राहिली. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. शाळेपासून तीनशे पावलं. सोळा वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. जिथं जळालं तिथंच पुन्हा बांधलेलं घर. मामा चुलीपुढं भाकरी थापत होते. बोलायचं काय ते मी वाटेत पाठ करून गेलो होतो. दाराशी थांबलो आणि सगळं विसरलो.

दाराजवळ मोगऱ्याचं रोप होतं, आणि ते एका पत्र्याच्या डब्यात होतं. डबा काळा पडलेला, एका अंगानं चेपलेला. 'शा' जळून गेला होता. पोट फुगलेला 'ळा' तेवढा शिल्लक होता.

"हा..."

"घरामागं सापडला. दुसऱ्या दिशी."

"मग मेमो घेताना बोलला का नाहीत?"

"कोठीची किल्ली कुणाजवळ आसती, ते आख्ख्या शाळेला मालूम हाय. मला बघायचं व्हतं, तुमी कवा बोलताव." त्यांनी भाकरी उलटली. "लय टाईम घेतला सर."

मी सांगितलं. दत्ता, किल्ली, खिडकी, पूर्णेला होतो म्हणालो ते, मेमो. उभ्यानं सांगितलं. बसा म्हणाले नाहीत.

ऐकून झाल्यावर त्यांनी विस्तव सारखा केला.

"पारावर मी कामून बसतो, सांगा बरं. पाटलासाठी? पाटलाचं काम पहिल्याच दिशी उरकलं. शिबिरात भंतेजी म्हणले, ज्याच्यापायी श्वास बिघडतो त्याच्यासमोरच बसून बघ. तुमची खिडकी समोर व्हती."

माझ्या डोक्यात चौथा तास आला. वीस मिनिटं. एकतीस मिनिटं.

"डोळे मिटले तरी तुमचा आवाज येतो की. इतिहास शिकवायलाव. मी मनात म्हणायचो, बघा, ह्यो माणूस लेकरांना काय काय घडलं ते सांगायलाय! की झालं, भरले चारशे." ते हसले. मला हसता आलं नाही. "चौदा वर्सं झाली. आजून चार मिनिटं ऱ्हायलीत."

"मामा, मला माफ..."

"ते मला इचारू नका. मला काय मालूम? उद्या चौथ्या तासाला घड्याळ बघा. श्वास खोटं बोलत न्हाई." मग चुलीकडंच बघत म्हणाले, "आन् मला सांगून काय उपेग? मला मालूमच व्हतं. ज्यांना मालूम न्हाई त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी चौथ्या तासाला मी खिडकी सताड उघडली. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पुस्तक उघडलं नाही.

"आज आपल्या गावाचा इतिहास," मी म्हणालो.

दुसऱ्या बाकावर दत्ताची मुलगी बसली होती. तिच्याकडं बघितलं आणि वाटलं, आज नको, उद्या. हे 'उद्या' माझ्या फार ओळखीचं होतं. म्हणून सुरुवातच डब्यापासून केली. किल्ली कुणाकडं होती ते सांगितलं. कुणाला दिली ते सांगितलं. मुलीनं मान खाली घातली ती वर केली नाही. तिच्या बाजूच्या पोरीनं विचारलं, "सर, मग पोलिसांना का नाही सांगितलं?"

"भ्यालो. आणि सगळी माझी माणसं होती."

"आणि मामा?"

मामांना मेमो माझ्या अक्षरात गेला होता. मी तेही सांगितलं. संध्याकाळपर्यंत हे घराघरांत पोचणार, चुलते दारात येणार, घरी बायको विचारणार, हे सगळं दिसत होतं. गंमत म्हणजे मी बोलतच राहिलो. सोळा वर्षांचं साठलेलं होतं. मध्येच घड्याळाकडं लक्ष गेलं. पस्तीस मिनिटं होऊन गेली होती. घंटा नव्हती. चाळीस झाली. पाचव्या तासाचे मास्तर दारात येऊन खडूनं चौकट वाजवायला लागले.

मी बाहेर पाराकडं गेलो.

मामांचे डोळे उघडे होते. डावा खिसा पालथा झाला होता. चिंचोके पारावर, पाराखाली, मातीत सांडलेले. गाल ओले होते. ते त्यांनी पुसले नाहीत आणि लपवलेही नाहीत.

"मामा, घंटा?"

"मोजायचंच ऱ्हाऊन गेलं," ते म्हणाले.

मग माझ्या लक्षात आलं, काहीतरी वेगळं दिसतंय. पाटलांसाठी नाही, साहेबांसाठी नाही, पावसासाठी नाही, चौदा वर्षं कुणासाठीच जे जागचे हलले नव्हते, ते मामा पाराच्या मधोमध नव्हते. हातभर डावीकडं होते. त्यांच्या उजवीकडं एका माणसापुरती जागा रिकामी होती.

मी जागेकडं बघतोय हे त्यांनी बघितलं आणि नाक वर ओढलं.

"उठलो न्हाई बरं का," मामा म्हणाले. "सरकलोय. बसा."